डूला घ्यावी की मिडवाइफ?

अमेरिकेत २०२३ साली दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५. त्यामुळे बाळंतपणात सोबत करून धीर देणारी डूला घ्यावी की बाळंतपण करणारी सुईण, म्हणजे मिडवाइफ, हा प्रश्न तिथल्या कृष्णवर्णीय गर्भवतीला पडणं साहजिकच आहे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सुइणी, म्हणजे ‘ग्रॅनी मिडवाइफ’, बाळंतपण आणि बाळंतिणीची काळजी दोन्ही करत. अलाबामात १९७६च्या कायद्याने त्यांची वाट बंद केली, हे मोठंच नुकसान.

काम: नर्स-मिडवाइफ, म्हणजे परिचारिकेचं शिक्षण घेतलेली मिडवाइफ, तपासते, औषध देते, बाळंतपण करते, टाके घालते. डूला यातलं काहीच करत नाही. ती कळा येताना कंबर दाबते, कूस बदलायला लावते, डॉक्टरांना काय विचारायचं याची आठवण देते.

खर्च: नर्स-मिडवाइफची सेवा मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यात, सर्व राज्यांत मिळते. डूलाचं राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात २०२३पासून मिळते.

उणीव: रुग्णालयात मिडवाइफची पाळी बदलते, एकाच वेळी तीन खाटा सांभाळाव्या लागतात. डूला उशाशी असते, पण बाळंतपणानंतर डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, रक्तदाब १६०/११० झाला किंवा तासाभरात पॅड भिजला, तर तिचा धीर पुरत नाही. लगेच रुग्णालय गाठायचं.

गर्भारपण सुरळीत आणि पैसे एकीपुरतेच असतील तर मिडवाइफ. जुळी किंवा आधीचा रक्तदाब असेल तर प्रसूतितज्ज्ञ, आणि सोबतीला डूला.