नकाशा पाहावा की पत्ता विचारावा?

सोलापुरात नवी पेठेतून सिद्धेश्वर मंदिराकडे निघालेला माणूस मोबाइलवरील नकाशा पाहत असेल, तर त्याला कोणालाही थांबवावे लागत नाही; परक्या शहरात रात्री एकट्याने फिरणाऱ्या बाईसाठी ही सोय लहान नाही. पत्ता विचारणाऱ्याला मात्र शहर माणसांच्या तोंडून कळते. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात रस्ता विचारला, तर मराठीत सुरू झालेले उत्तर शेजाऱ्याकडून खात्री करून घेताना तेलुगूत शिरते, आणि सांगणारा कधी कोपऱ्यापर्यंत सोबतही येतो. यात वेळ जातो, पण तो वाया जातो असे मला वाटत नाही. चार हुतात्मा चौकात, १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चौघांच्या पुतळ्यांसमोर, निळ्या ठिपक्यावर नजर खिळवलेल्याच्या कानी ‘उजवीकडे वळा’ एवढेच पडते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा नकाशा रस्त्यावर लाल रेघ दाखवून मोकळा होतो. मिरवणूक पुढे कधी सरकेल, हे कडेच्या फुलवाल्यालाच विचारावे लागते.