वनशाळा की मॉण्टेसरी?

‘आमच्याकडे मुलं आपापल्या कलाने शिकतात,’ असं वनशाळेत, म्हणजे रानात भरणाऱ्या शाळेत, आणि मॉण्टेसरी शाळेत अशा दोन्ही ठिकाणी सांगितलं जातं. दोन्हीकडे ते खरंही असतं. फरक पडतो तो मुलाला नेमकी कशाची मोकळीक मिळते यात, आणि निवड करण्याआधी तेवढं समजून घ्यायला हवं.

मॉण्टेसरी वर्गात मूल आपलं काम स्वतः निवडतं, पण मोठ्यांनी विचारपूर्वक मांडून ठेवलेल्या साधनांतूनच. ही पद्धत घडवणाऱ्या इटालियन डॉक्टर मारिया मॉण्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. पुढे घडत गेलेल्या या साधनांमध्ये प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात. रंग एक, घडण एक, फरक फक्त आकारमानाचा. क्रम चुकला की मुलाच्या डोळ्यांनाच खटकतं, कुणी टोकावं लागत नाही. त्यात सुमारे तीन तासांचा सलग, न मोडलेला वेळ मिळतो. एकाग्रता वाढवायला याहून चांगली रचना मला माहीत नाही.

वनशाळेत वस्तूचं काम ठरलेलं नसतं. एकच काठी घटकाभर पूल होते, मग मोजपट्टी, मग घराचा वासा. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये रुजलेली ही पद्धत ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात पोचली, तर जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या वनबालवाडीला १९९३ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. इथे मूल काम तर निवडतंच, शिवाय प्रश्नही त्याचाच असतो. ओंडका उलटल्यावर खाली काय सापडेल हे शिक्षिकेलाही माहीत नसतं, त्यामुळे तिचं कुतूहल खरं असतं आणि मुलांना ते लगेच कळतं.

धोक्याचा मुद्दा पालकांना सर्वांत जास्त छळतो. नॉर्वेच्या संशोधक एलेन सॅन्डसेटर यांनी २००७ मध्ये धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-आगीसारख्या धोकादायक गोष्टी, दंगामस्ती आणि नजरेआड होणं. मॉण्टेसरीत मुलं काचेची भांडी आणि खरी सुरी हाताळतात, हे विसरू नये. पण झाडावर चढणं, उतारावरून धावत सुटणं, झुडपामागे दिसेनासं होणं यासाठी बाहेरच जावं लागतं. फांदी आपलं वजन पेलेल का, याचा अंदाज घेणारं मूल मला फार मोलाचं वाटतं. चांगल्या वनशाळेत मोठी माणसं दर वेळी जागा तपासतात आणि सोसाट्याचा वारा असेल तर झाडांखाली थांबतच नाहीत.

बाहेर राहिल्याने आरोग्याला फायदा होतो, हा मुद्दा मात्र जपून वापरावा. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा वेळ बाहेर ठेवलं गेलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष (लांबचं धूसर दिसणं) जडला, इतर शाळांमधल्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हा फायदा उजेडात घालवलेल्या वेळाचा आहे. अंगणाचा भरपूर वापर करणाऱ्या मॉण्टेसरी शाळेतही तो मिळू शकतो.

वाचन-गणितात मॉण्टेसरीचं पारडं जड आहे. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवणं, एक मणी, दहाची कांडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन, ही चढण पायरीपायरीने बांधलेली आहे. वनबालवाडीत सहा वर्षांपर्यंत अक्षरांची घाई नसते, आणि ते मला योग्यच वाटतं. त्यानंतर मात्र थेट विचारा: वाचन कोण शिकवतं, कसं आणि कधी? शिवाय बऱ्याच ठिकाणी वनशाळा म्हणजे नेहमीच्या शाळेला जोडून आठवड्यातली एखादी सकाळ असते. तसं असेल तर उरलेले दिवस कसे जातात हेच जास्त महत्त्वाचं.

स्वभावही बघा. एकट्याने काम तडीस नेण्यात रमणारं मूल मॉण्टेसरीत फुलतं. बोलत, भांडत, सोंगं घेत शिकणाऱ्याला वनशाळा मानवते, कारण मॉण्टेसरी पद्धत लहान वयात कल्पनेपेक्षा वास्तवाला प्राधान्य देते.

माझा कौल असा: सहा वर्षांपर्यंत, अनुभवी माणसं असतील तर वनशाळा. सहानंतर मॉण्टेसरी आणि जोडीला आठवड्यातून एक दिवस रान.

फक्त पाटी वाचून प्रवेश घेऊ नका. मॉण्टेसरी हे नाव कुणीही लावू शकतं, म्हणून वर्गात तासभर बसा. सगळ्यांच्या हातात एकाच वेळी तेच साधन असेल, तर निवड मुलांची नाही. वनशाळेत दर अर्ध्या तासाला मुलांना गोळा करून पानांची चित्रं चिकटवायला लावत असतील, तर तिथेही नाही. मूल काहीतरी निरखत उभं असताना जवळची मोठी व्यक्ती लगेच माहिती देऊ लागते की थोडी थांबते, हे टिपा. प्रवेशाचा निर्णय मी त्यावरून घेईन.