अँटिबायोटिकनंतर पायांवर ठिपके: साधी रिअ‍ॅक्शन की रक्तवाहिन्यांची सूज?

अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन किंवा सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्यावर अंगावर काही उठलं, की घरात म्हणतात, औषधाची रिअ‍ॅक्शन आली. बहुतेकदा ती साधी पुरळच असते. काही जणांच्या त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना मात्र सूज येऊन त्यांतून रक्त झिरपतं. हा व्हॅस्क्युलायटिस. फरक ओळखायला आधी बोट पुरतं.

साधी पुरळ छाती-पाठीवर सुरू होते, दोन्ही बाजूंना सारखी पसरते, खाज सुटते. दाबली की क्षणभर फिकी पडते. व्हॅस्क्युलायटिसचे ठिपके नडगी आणि घोट्याभोवती येतात, हाताला उंचवटा लागतो, काच ठेवून दाबलं तरी रंग जात नाही, कारण रक्त वाहिनीबाहेर आलेलं असतं. खाजेपेक्षा आग आणि ठणका जास्त. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, ठिपके काळपट तपकिरी वाटतात, म्हणून रंगापेक्षा या दाबण्यावर माझा जास्त भरवसा आहे.

तारखेवर तेवढा नाही. व्हॅस्क्युलायटिस साधारण 7 ते 10 दिवसांनी दिसतो, साधी पुरळही 4 ते 14 दिवसांतच येते. अंगावर पित्त उठलं असेल तर एकेक गांधी 24 तासांत विरते. त्याहून जास्त टिकली आणि मागे काळा डाग राहिला, तर पित्त म्हणून सोडू नका.

पावसाळ्यात डेंग्यूचाही विचार हवा. त्यातले रक्ताचे ठिपके सपाट असतात आणि प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात. व्हॅस्क्युलायटिसमध्ये प्लेटलेट बहुधा ठीक असतात.

खरा पेच पुढे आहे. अँटिबायोटिक दिलं ते जंतुसंसर्गासाठी, आणि संसर्गानेही व्हॅस्क्युलायटिस होतो. म्हणून सगळा दोष लगेच गोळीवर टाकणं मला पटत नाही. उगाच ‘पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का बसला, तर पुढच्या आजारात चांगलं औषध हातचं जातं. औषध कधी सुरू झालं, ताप कधी आला, ठिपके कधी दिसले, सोबत कुठली वेदनाशामक गोळी होती का, हे तारखांसह डॉक्टरांना सांगा. संशय असेल तर ते औषध त्याच दिवशी त्यांना विचारून थांबवायचं, गरज असल्यास दुसऱ्या गटातलं घ्यायचं.

बायोप्सी करावी की थांबावं? ठिपका 24 ते 48 तासांचा असताना त्वचेचा 4 मिलिमीटरचा तुकडा काढून तपासला तर निदान पक्कं होतं. जुन्या ठिपक्यात खुणा पुसट होतात. इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे तुकड्यातली प्रतिपिंडं चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या तपासणीसाठी, त्याहून ताजा ठिपका लागतो, आणि त्यात आयजीए हे प्रतिपिंड सापडलं तर मूत्रपिंड व आतड्यांकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं. पण बायोप्सी रक्तवाहिनीला सूज आहे एवढं सांगते, ती कशाने आली हे खात्रीने सांगत नाही. म्हणून पैसा बेताचा असेल तर आधी लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), रक्तदाब आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). लघवीत रक्त किंवा प्रथिनं असतील, तर प्रश्न त्वचेपुरता राहत नाही. लघवी पुढचे काही आठवडे पुन्हा तपासावी, कारण मूत्रपिंडाचा त्रास उशिराही दिसतो.

फक्त पायांवर ठिपके, माणूस ठणठणीत, लघवी स्वच्छ, औषध थांबवल्यावर नवे ठिपके नाहीत: अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीत पाय उंच ठेवून काही आठवडे थांबणं योग्य. नवे येतच राहिले, फोड किंवा जखमा झाल्या, सांधे किंवा पोट दुखू लागलं, तर बायोप्सी आणि अँका (रक्तवाहिन्यांच्या सुजेशी जोडलेली प्रतिपिंडं), हिपॅटायटिस बी-सी, कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) या तपासण्या लांबवू नयेत. मुरुमांसाठी महिनोन्महिने मिनोसायक्लिन घेणाऱ्यांत अँका मुद्दाम पाहावी, त्यांचा त्रास उशिरा उद्भवतो.

ताप आणि झपाट्याने पसरणारे जांभळे चट्टे, किंवा तोंड-डोळ्यांत फोड आणि कातडी सुटणं दिसलं, तर तुलना करत बसू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.