ईव्ही-हायब्रिडचा एसी गार करेना: नेहमीच्या एसीवाल्याकडे न्यायची की ईव्हीच्या वर्कशॉपला?

सरळच सांगायचं तर गॅस, पाइप किंवा कॉम्प्रेसर यातल्या कशालाही हात लागणार असेल तर गाडी ईव्ही-हायब्रिडचं काम शिकलेल्या वर्कशॉपलाच न्या. फिल्टर, ब्लोअर (हवा फेकणारा पंखा), कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) यांची सफाई एवढंच असेल तर नेहमीचा एसीवाला अगदी पुरतो, आणि बहुतेक वेळा कामही लवकर होतं.

पण आधी खरंच बिघाड आहे का ते बघा, कारण इथेच बऱ्याच जणांची धावपळ होते. इको मोडमध्ये गाडी एसीची पॉवर मुद्दाम कमी करते, चार्ज अगदी तळाला गेला की काही गाड्या एसी आवळतात, आणि फास्ट चार्जिंग चालू असताना बॅटरी तापली तर गारवा आधी बॅटरीला मिळतो, केबिनचा नंबर नंतर. चार्जर काढल्यावर थोड्या वेळात पुन्हा गार हवा यायला लागली तर गाडी तिचं काम नीट करतेय. उभ्या गाडीत कॉम्प्रेसरची बारीक घूंऽऽ ऐकू येते तीही नॉर्मल आहे, तो मोटरवर चालतो ना.

मग व्हेंटसमोर हात धरा. हवाच कमी येतेय का हवा भरपूर येतेय पण गार नाही? हवाच कमी असेल तर केबिन फिल्टर चोंदलाय किंवा ब्लोअर थकलाय, आणि यात पेट्रोल गाडी न् ईव्हीत काही फरक नाही. कंडेन्सरच्या जाळीत माती-पाला अडकला असेल तर तेही तसंच, हलक्या पाण्याने धुवून घ्यायचं, जोरात प्रेशर मारून पत्रे वाकवायचे नाहीत.

हवा भरपूर पण कोमट असेल तर मात्र थांबा. साध्या गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि त्यात सहसा पीएजी नावाचं ऑइल असतं. ईव्ही आणि फुल हायब्रिडमध्ये, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही चालू शकणाऱ्या हायब्रिडमध्ये (हायब्रिडमध्ये हे २००३ च्या टोयोटा प्रियसपासून आलं) कॉम्प्रेसरच्या पोटातच हाय व्होल्टेज मोटर असते आणि तिची वाइंडिंग (तारांची गुंडाळी) गॅस न् ऑइलमध्येच बुडालेली असते, म्हणून तिथे वीज न वाहणारं पीओई नावाचं दुसरं ऑइल लागतं. आता नेहमीच्या एसीवाल्याचं गॅस भरायचं मशीन दिवसभर साध्या गाड्यांना लागलेलं असतं, त्याच्या होजमध्ये पीएजी उरलेलं असतं, आणि तेच तुमच्या गाडीत शिरतं. अगदी एखादा टक्का मिसळलं तरी इन्सुलेशन ढासळू शकतं, मग गाडीला वाटतं हाय व्होल्टेज कुठेतरी बॉडीत गळतंय, टोयोटात पी०एए६ हा कोड येतो आणि एकदा बंद केलेली गाडी पुन्हा रेडीवर (चालायला तयार) येईलच असं नाही. म्हणजे गेलो होतो एसीसाठी आणि गाडीच उभी! शिवाय हे ऑइल सगळ्या पाइपांत पसरतं, त्यामुळे नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, अनेकदा कंडेन्सर, इव्हॅपोरेटरपर्यंत (केबिनची हवा गार करणारा भाग) खर्च जातो. लीक शोधायचा रंग आणि लीक बुजवायचं केमिकल यांचंही हेच, कोणी सहज टाकून देतो म्हणालं तर नको म्हणा.

बिघाड शोधायच्या पद्धतीतही फरक पडतो. नेहमीचा मेकॅनिक कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या क्लचची टक ऐकतो, गेज लावतो आणि प्रेशर बघून अंदाजाने गॅस भरतो. त्याचा हात वर्षानुवर्षं बसलेला असतो, त्यात वाद नाही, पण इथे क्लचच नाही आणि कॉम्प्रेसर स्वतःचा स्पीड सतत बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजवर भरवसा ठेवता येत नाही. शिकलेला माणूस आधी स्कॅनर लावतो: गाडीने कॉम्प्रेसरला किती आरपीएम मागितले आणि तो खरंच किती फिरतोय. मागणीच शून्य असेल तर सेन्सर किंवा कमी प्रेशरकडे बघायचं, मागणी आहे पण फिरत नाही तर इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा भाग), वायरिंग नाहीतर कॉम्प्रेसर. गॅस तो सगळा काढून, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजन करून भरतो.

सगळे हायब्रिड मात्र एका माळेत ओवू नका. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्ये (मोटर इंजिनला नुसता हातभार लावते) बहुधा पट्ट्यावरचाच जुना कॉम्प्रेसर असतो, तिथे नेहमीचा एसीवाला चालतो. ओळखायचं कसं, तर बॉनेट उघडून नुसतं बघा, हात लावू नका: कॉम्प्रेसरला जाड नारिंगी केबल, म्हणजे हाय व्होल्टेजची खूण, जातेय का? पट्टा दिसला म्हणून निवांत होऊ नका, कारण २००६ च्या आसपासच्या होंडा सिव्हिक हायब्रिडमध्ये पट्टा आणि मोटर दोन्ही एकाच कॉम्प्रेसरवर होते. नारिंगी केबल असेल तर तिथे साधारण १५० ते ४०० व्होल्ट, काही गाड्यांत ८००, त्यामुळे घरी खोलून बघायचा विचारही करू नका.

थांबून बघू म्हणत असाल तर तेही गाडीगणिक वेगळं. बऱ्याच ईव्हींमध्ये बॅटरी याच गॅसवर गार होते, म्हणजे लीक लांबवला तर उन्हाळ्यात फास्ट चार्जिंग मंदावतं, पॉवर कमी होते, फक्त घाम येऊन सुटका नाही. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी केबिनचीच हवा ओढते, मागच्या सीटजवळची जाळी बघा, तिथे केस-धूळ साचते आणि वर कोणीतरी बॅग ठेवलेली असते. ती जाळी मोकळी ठेवणं फुकट आहे, आजच करा.

वर्कशॉप निवडताना नुसत्या बोर्डवर जाऊ नका, फोन करून विचारा: ईव्हीसाठी मशीन वेगळं आहे का, नसेल तर होज धुता का, ऑइल कुठलं वापरता? पटकन उत्तर आलं तर जा, 'सगळं सारखंच असतं हो' असं आलं तर दुसरीकडे बघा. गॅस आर-१३४ए आहे की आर-१२३४वायएफ तेही स्टिकरवरून आधीच सांगा, दोन्हीची मशीनं वेगळी असतात आणि दुसरा गॅस थोडा ज्वलनशीलही आहे. आणि बिलावर किती ग्रॅम निघाला न् किती भरला हे लिहून घ्या. स्टिकरपेक्षा बराच कमी निघाला असेल तर लीक आहे, तो शोधल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.