द स्पेस चिल्ड्रन (१९५८): मेंदू फसला, मुलं जिंकली

दिग्दर्शक जॅक अर्नोल्डचं नाव निघालं की 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' आणि 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन' हेच आठवतात. पॅरामाउंटचा हा ६९ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट मागे पडला. तो बघायलाच हवा, कारण इथे परग्रहावरचा जीव मुलांना वश करतो तो माणसांना वाचवण्यासाठी.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर क्षेपणास्त्रांचा तळ आहे. 'थंडरर' रॉकेटने हायड्रोजन बॉम्ब पृथ्वीच्या कक्षेत नेऊन ठेवायचा, अशी योजना आहे. सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ च्या ऑक्टोबरात उडाला होता, म्हणजे प्रेक्षकांची भीती अगदी ताजी होती. तळावरच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना किनाऱ्यावरच्या गुहेत एक चकाकता मेंदू सापडतो; हाच तो परग्रहावरचा जीव. तो एक शब्द न बोलता त्यांना कामाला लावतो.

हा ताबा दाखवण्याची पद्धत मला फार आवडते. दोन वर्षांनी आलेल्या 'व्हिलेज ऑफ द डॅम्ड'मध्ये मुलांचे डोळे चमकतात. ती चमक बसवण्यासाठी काही ठिकाणी चित्र गोठवावं लागलं आणि तिथे चेहरे निर्जीव दिसतात. अर्नोल्ड डोळ्यांना हातच लावत नाही. सगळा भार मिशेल रे या मुलावर आहे. बडच्या भूमिकेत तो आवाज चढवत नाही, चेहरा स्थिर ठेवतो आणि मोठ्यांना शांतपणे उत्तरं देतो. हुकूम पाळणाऱ्या पोरापेक्षा पटलेलं काम करणारा मुलगा दिसतो, त्यामुळे भीती आणि विश्वास दोन्ही एकदम वाटतात.

मेंदू मात्र फसला आहे. आतून उजेड सोडलेली ही वस्तू गुहेच्या अंधारात चालून जाते, कारण तिथे तिच्या कडा दिसत नाहीत. पुढे ती वाढत जाते, बाहेर येते आणि मग तिचा खोटेपणा लपत नाही.

लहान मुलांना सोबत घेऊन बघणार असाल तर एक सांगायला हवं: मेंदूपेक्षा एका मुलाच्या दारुड्या सावत्र बापाचे प्रसंग जास्त अंगावर येतात. रसेल जॉन्सनने तो माणूस जराही सौम्य केलेला नाही. जॅकी कूगनही यात आहे, चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधला तो पोरगा. बालकलाकारांची कमाई राखणारा कॅलिफोर्नियाचा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चित्रपटात त्याला मोठ्यांच्या गोटात पाहताना गलबलतं.

शेवट सांगत नाही, पण तो पडद्यावर दिसल्यावर बड तो पुन्हा समजावून सांगतो आणि वर बायबलमधलं वचन येतं. मुलांनी न बोलता जे पटवलं होतं, त्याला या स्पष्टीकरणाची गरज नव्हती.