अ‍ॅप माझं, पण सगळं त्याच्या नावावर

माझे तीन लाख दहा हजार गेले. पण जिव्हारी लागलं ते कारागिरांचे पैसे अडकले याचं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांना प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसीवाले पुरवणारं अ‍ॅप मी उभं करत होतो. लोकमान्य नगर, कळवा, कोपरी इथे फिरून बावीस जण जोडले होते. माझ्या शब्दावर आलेली माणसं.

अ‍ॅपचं काम वागळे इस्टेटमधल्या एका डेव्हलपरला दिलं. डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता), होस्टिंग (सर्व्हरवरची जागा), प्ले स्टोअरचं खातं, पेमेंट गेटवे (ग्राहकांचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), सगळं त्यानेच आपल्या नावावर काढलं. "सर, ही झंझट तुम्ही कशाला घेता? लाँच झालं की नावावर करून देतो." प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच 25 डॉलर भरावे लागतात. तेवढंही मी स्वतः केलं नाही.

एप्रिलमध्ये एसी सर्व्हिसिंगची झुंबड उडाली. ग्राहक ऑनलाइन भरत होते ते पैसे गेटवेला जोडलेल्या त्याच्या बँक खात्यात जमा होत होते. आधी दर शनिवारी तो हिशेब चुकता करायचा. मग "बँकेचा प्रॉब्लेम आहे", मग "केवायसी अडकलंय". सोळाव्या दिवशी मी आवाज चढवला आणि त्याच रात्री अ‍ॅप बंद पडलं. एक लाख अठरा हजार त्याच्याकडेच राहिले.

पोलीस ठाण्यात विचारलं, करारपत्र कुठे आहे? माझ्याकडे एक पानी कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज. वकिलांनी सांगितलं ते ऐकून तर मी सुन्न झालो. आपला नोकर नसलेल्या माणसाकडून कोड लिहून घेतला, तर कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे हक्क त्याचाच राहतो. तो आपल्याकडे यायचा तर त्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. नुसते पैसे मोजून भागत नाही. आणि प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप जुन्या खातेदाराने ट्रान्सफर केल्याशिवाय आपल्या खात्यात येत नाही. नवीन टाकलं की डाउनलोड, रेटिंग पुन्हा शून्य.

तुम्ही असं काही करून घेत असाल, तर कळकळीने सांगतो, पहिला हप्ता देण्याआधी गेटवे स्वतःच्या पॅनवर आणि बँक खात्यावर काढा. बाकीचं एक वेळ पुन्हा उभं करता येईल, पण लोकांच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात एक दिवसही जाऊ देऊ नका. अ‍ॅपचा कोडही, तो ऑनलाइन साठवायचं गिटहबसारखं खातं स्वतःच्या नावावर काढून, त्यातच चढवायला लावा. तो चढला की मगच पुढचा हप्ता.

कळव्याचे एक प्लंबरकाका रोज फोन करायचे, "साहेब, पोरीची फी भरायची होती." बायकोच्या पाटल्या गहाण टाकून त्यांचे आणि आणखी बारा जणांचे पैसे दिले. नऊ जणांचे अजून द्यायचे आहेत.