शेंद्र्यात बनलेली ऑक्टाविया आरएस, २० वर्षांनंतरचा रिव्ह्यू

मागच्या नोव्हेंबरात गाडीचं परत पासिंग करून आणलं. २००५ चं रजिस्ट्रेशन, एमएच २०, पहिली १५ वर्षं २०२० ला संपली, तेव्हा पाच वर्षं वाढवून घेतली आणि आता अजून पाच. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी १०,००० रुपये झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा, एचएसआरपी प्लेटचे पैसे वेगळे. लाइनीत मागं उभा असलेला एक पोरगा म्हणला, काका, ही भंगारात दिली असती तर स्क्रॅपच्या सर्टिफिकेटवर नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळाली असती, ईव्ही घेऊन टाका की. चुकीचं काही बोलला नाही तो. पण मला ही गाडी ठेवायचीच होती, आणि ठेवायला काय काय लागतं ते आज सगळं लिहितो, कारण "जुनी आरएस भेटायलीय, घेऊ का" असं विचारणारे अजून भेटतात आणि त्यांना रस्त्यात उभं राहून पूर्ण उत्तर देता येत नाही.

आधी गाडी काय आहे ते. पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाविया आरएस, आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. १.८ लिटरचं टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे चार सिलिंडरला वीस, १५० हॉर्सपॉवर, २१० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, मॅन्युअल. युरोपात हीच गाडी १८० हॉर्सपॉवरची होती. स्पोर्ट्स कार म्हणलं की दोन दारं पाहिजेत असं मानणाऱ्यांना ही चालणार नाही, हिला चार दारं आहेत, मागचं झाकण काचेसकट वर उघडतं आणि डिकीत आमच्या अंबडच्या शेतातली ज्वारीची दोन पोती आडवी बसतात. पण याच घराण्याचं १.८ टर्बो इंजिन पहिल्या ऑडी टीटीमध्ये होतं, आणि ऑक्टावियाची रॅली कार २००१ च्या केनियातल्या सफारी रॅलीत तिसरी आली होती. म्हणजे रक्त त्याच खानदानाचं.

आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही की गाडी जोडली गेली ती आमच्या संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत, माझ्या घरापासून जालना रोडनं अर्ध्या तासावर. २००१ ला तिथं ऑक्टाविया बनायला लागली तेव्हा मी कॉलेजला होतो, बसमधून जाताना गेटच्या आत लाइनीत उभ्या गाड्या दिसायच्या आणि मी खिडकीची सीट धरायचो ती तेवढ्यासाठीच. २०१२ ला लातूरच्या एका डॉक्टरांकडून ही काळी आरएस घेतली, ६८,००० किलोमीटर झालेली, २ लाख ९० हजारात. आज मीटर १,७४,००० च्या पुढं आहे.

चालवायला कशी आहे ते शब्दात सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करतो. २००० आरपीएमच्या खाली साधी, जरा सुस्तच, शहरात सिडको ते क्रांती चौक जाताना वाटतं यात काय विशेष. मग टर्बो भरतो, बारीक शिट्टी ऐकू येते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी ओढते की पाठ सीटला टेकते. कन्नडचा औट्रम घाट ही तिची जागा. जड वाहनं तिथं बंद झाल्यापासून सकाळी सहाला घाट मोकळा असतो, धुकं खाली चाळीसगावकडं पडलेलं असतं, दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत वर यायचं, स्टिअरिंगमध्ये रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. वर आलं की लगेच बंद नाही करायची, एक मिनिट चालू ठेवायची म्हणजे टर्बोतलं ऑइल फिरत राहतं आणि गरम टर्बोवर जळून बसत नाही. इतक्या वर्षांत ही सवय मी एकदाही मोडली नाही, टर्बो अजून ओरिजिनल आहे.

आता मेंटेनन्स.

ऑइलपासून सुरू करू. पुस्तकात काहीही लिहिलेलं असू दे, आमच्याकडच्या उन्हात आणि धुळीत मी ७,००० किलोमीटरला ऑइल बदलतो, फुल सिंथेटिक, व्हीडब्ल्यू ५०२ चा, म्हणजे फोक्सवॅगनच्या ऑइल-दर्जाचा, शिक्का डब्यावर बघूनच. या इंजिनात हलकं ऑइल टाकलं किंवा बदलायचा कंटाळा केला तर आत काळा गाळ जमतो, तो ऑइल चेंबरच्या तळातल्या जाळीत अडकतो आणि वर ऑइलच पोचत नाही, मग टर्बो जातो आणि नंतर सगळंच जातं. टायमिंग बेल्ट ही दुसरी गोष्ट. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात, वीसच्या वीस व्हॉल्व्ह वाकू शकतात, म्हणजे गाडीच्या किमतीएवढं बिल. माझे मिस्त्री पाच वर्षं किंवा ६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, असं धरतात आणि बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप पण बदलतात, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो, तो जाम झाला तर बेल्टला घेऊनच जातो. २०१२, २०१७, २०२२ असं तीनदा झालंय. शेवटच्या वेळी सामान आणि मजुरी मिळून २२ हजार लागले.

बाकीचं वय झालं की येणारंच आहे, २० वर्षांत रबर आणि प्लास्टिक कुठल्याही गाडीचं जातं. इग्निशन कॉइल चार आहेत, प्रत्येक प्लगवर एक, त्यातली एखादी कधी ना कधी जाते, तेव्हा इंजिन थरथरतं आणि चेक इंजिनचा लाइट लुकलुकतो. एक जास्तीची कॉइल कायम डिकीत ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे, मी ते एकदा मांजरसुंब्याच्या घाटात मोबाइलच्या उजेडात केलंय. टर्बोचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे दाबलेली जास्तीची हवा वळवणारा, त्याच्या आतला रबरी पडदा फाटतो, मग गाडीचा दम गेल्यासारखं वाटतं आणि लोकांना वाटतं टर्बोच गेला, पन्नास हजाराचं एस्टिमेट घेऊन बसतात. दोन-अडीच हजाराचा पार्ट आहे, आधी तो बघा. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तर उन्हानं बिस्किटासारख्या होतात, हात लावला की तुकडा पडतो, त्या मी सगळ्या एका दमात सिलिकॉनच्या करून घेतल्या. सस्पेन्शनचे बुश आपल्या रस्त्यांवर तीन वर्षं पुरले तर खूप. आणि गाडी खाली आहे, गावागावातले बिनरंगाचे स्पीडब्रेकर तिचे वैरी, २०१५ ला पाचोडच्या पुढं अंधारात एक लागला आणि ऑइलचा चेंबर फुटला. मी तिथल्या तिथं इंजिन बंद केलं म्हणून वाचलो, अजून एक किलोमीटर ओढली असती तर आज हा रिव्ह्यू लिहीत बसलो नसतो. दुसऱ्याच आठवड्यात खाली लोखंडी गार्ड लावून घेतलं.

सगळ्यात मोठा फटका मात्र गॅरेजनं दिला. नाव लिहीत नाही. चांगलं एसी वेटिंग रूम असलेलं गॅरेज होतं, २०१८ ला तिथं कूलंट टॉपअप करायला सांगितलं, त्यांनी आतल्या गुलाबी जी-१२ वर साधं हिरवं कूलंट ओतलं. ही दोन एकमेकांत मिसळली की रिॲक्शन होऊन तपकिरी चिखल तयार होतो. दोन महिन्यांनी मे महिन्यात, बाहेर ४२ डिग्री, बीडवरून येताना टेम्परेचरचा काटा ९० सोडून वर निघाला. गाडी लिंबाखाली लावली, दोन तास बसलो, आई सोबत होती, तिचा उपास होता. रेडिएटर काढून उलटा केला तर गढूळ पाणी निघालं, हीटरच्या कोरमध्ये पण तेच. अख्खी सिस्टिम चार वेळा फ्लश करावी लागली. मला आजही त्याचा राग येतो, कारण डब्यावर लिहिलेलं वाचायला दहा सेकंद लागतात.

त्यानंतर ज्यांच्याकडं गेलो ते आजपर्यंत. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. शेंद्र्याला लाइनवर काही वर्षं काम केलेला माणूस, आता वाळूजकडं पत्र्याचं छोटं गॅरेज आहे. लॅपटॉप आहे, स्कॅनर आहे, पण आधी बॉनेट उघडून कान लावून दोन मिनिटं उभे राहतात, कुणाशी बोलत नाहीत. खराब झालेला पार्ट कागदात गुंडाळून हातात देतात. काम नसेल तर सांगतात, अभी कुछ नै करना, घर लेके जाव. स्पेअर पार्ट मिळणं हेच आता खरं अवघड झालंय, काही दिल्लीवरून मागवावे लागतात, काही पुण्यातून, आणि याच घराण्याच्या इंजिनाच्या जुन्या ऑडी ए४ भंगारात निघाल्या की चाचांना फोन येतो. त्यांचा मुलगा ईव्हीचं काम शिकायलाय. मला त्याचं कौतुक आहे. पण कान लावून इंजिन ओळखणारा पुढचा माणूस कोण, हा विचार मला गाडीच्या खर्चापेक्षा जास्त छळतो.

पेट्रोलचं पण सांगतो. आता पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. आमच्या भागात उसाचे कारखाने किती आहेत ते सांगायला नको, गावातला ऊस कारखान्याला जातो आणि त्याचंच इथेनॉल फिरून माझ्या टाकीत येतं, शेतकऱ्याच्या घरचा म्हणून मला ते मनापासून चांगलं वाटतं. पण २००५ च्या गाडीचे पाइप त्यासाठी बनलेले नव्हते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं मायलेज थोडं उतरणारच. मी फ्यूएल लाइनचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे बसवून घेतले, फिल्टर दरवर्षी बदलतो. सध्या शहरात ८, हायवेला १२.

आता ईव्ही. २०२१ ला बायकोसाठी नेक्सॉन ईव्ही घेतली, ३०.२ किलोवॅट-अवरची बॅटरी. घरावर सोलार आहे, मराठवाड्यात पाणी नसेल पण ऊन भरपूर, दिवसभरात जे बनतं त्यात बिल जवळजवळ निघून जातं. सोलार नसतं तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आत पडली असती, आरएसला तेच १२ रुपये लागतात. आणि तिचा टॉर्क २४५ न्यूटन मीटर, म्हणजे आरएसपेक्षा जास्त, तोही टर्बोची वाट न बघता. सिग्नल सुटल्यावर पहिली वीस पावलं बायकोची गाडी पुढं असते, हे मी स्वतः चालवून बघितलंय. मेहुण्यानं गेल्या वर्षी महिंद्राची बीई ६ घेतली, ७९ किलोवॅट-अवरवाली, २८६ पीएस, शून्य ते शंभर ६.७ सेकंदात. समृद्धीवर जालन्याकडं जाताना म्हणला, दाजी, घ्या तुम्ही चालवून बघा. चालवली. १२० ची लिमिट कधी आली कळलं पण नाही, आवाज नाही, गिअर नाही, काही नाही. खरोखर जबरदस्त गाडी. वेगासाठी गाडी पाहिजे असेल तर आज जुन्या टर्बोच्या मागं लागू नका, सरळ ईव्ही घ्या, हे मी आरएसवाला असून सांगतोय.

आणि मला जे अपेक्षित नव्हतं ते असं की ईव्हीमुळंच माझी आरएस वाचली. आधी रोज तीच वाळूजला ऑफिसला जायची, ट्रॅफिकमध्ये तापायची, क्लच झिजायचा, वर्षाला ७०-८० हजार खर्च यायचा आणि २०२० मध्ये मी विकायचं पक्कं केलं होतं, एक गिऱ्हाईक येऊन पण गेलं. ईव्ही आल्यावर रोजचं सगळं, शाळा, भाजी, ऑफिस, तिच्यावर गेलं आणि आरएस रविवारची झाली. वर्षाचा खर्च आता ३०-३५ हजार. फक्त उभ्या गाडीची दुखणी वेगळी असतात हे कळायला एक पावसाळा गेला. बॅटरी उतरते, म्हणून ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावून ठेवतो. उंदीर वायरी खातात, एकदा इंजेक्टरची वायर कुरतडली, तेव्हापासून आत तंबाखूची पानं ठेवतो आणि दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून ठेवतो. दर रविवारी निदान तीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. आणि टायर, त्याची बटणं म्हणजे रबराची नक्षी कितीही चांगली दिसू द्या, साइडला छापलेले चार आकडे बघा, आठवडा आणि वर्ष असतं ते. सहा वर्षांपुढचा टायर घेऊन समृद्धीच्या सिमेंटवर उन्हाळ्यात जाऊ नका, हात जोडून सांगतो.

घ्यायची असेल त्यांच्यासाठी. पहिलं, सकाळी थंड इंजिन असताना बघायला जा, आधीच तापवून ठेवली असेल तर परत या. ऑइलच्या झाकणाखाली काळा चिकट गाळ असेल तर फुकट मिळाली तरी नको. कूलंट गुलाबीच पाहिजे. बेल्ट बदलल्याचं बिल मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका, बिल नसेल तर बेल्ट झालेला नाही असं समजून किमतीतून पैसे कापा. गाडीच्या किमतीएवढे पैसे पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला पाहिजेत. आणि घरात रोजची दुसरी गाडी पाहिजेच पाहिजे. हे जमत असेल तर घ्या, नसेल तर खरंच नका घेऊ, अर्ध्यात सोडलेल्या आरएस मी चाचांच्या गॅरेजमागं उभ्या बघितल्यात, एकीत बाभूळ उगवलीय.

तिकडं बिडकीनला आता टोयोटानं हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यासाठी करार केलाय, एथरची स्कूटर पण तिथंच बनणार. १९८५ ला वाळूजला बजाज आली, २००१ ला शेंद्र्याला स्कोडा, आता हे. पोरगी नववीत आहे, तिला बिडकीनचं कौतुक जास्त, आणि ते मला आवडतं. पण रविवारी सहाला उठून तीच म्हणते, बाबा, कन्नडला जायचं ना.

माझा पुढचा बेल्ट २०२७ ला आहे. किट आत्ताच मागवून ठेवलंय, बेल्ट, टेन्शनर, पंप, पाच लिटर गुलाबी कूलंट. चाचांना पण सांगून ठेवलंय, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं खडूनं लिहिलंय.